जरीपटक्यातील चाळीस दिवसांचे व्रत

नवस बोलणे सोपे, फेडणे अवघड, असे जुनी माणसे म्हणत. आपल्या पुराणांत तोंडातून निघालेल्या शब्दाला फार मोठे वजन आहे. कैकेयीला दिलेल्या वरांपायी दशरथाने प्राण सोडला. वंश बुडू लागला तेव्हा खुद्द सत्यवतीने विनविले, तरी भीष्मांनी प्रतिज्ञा मोडली नाही. आपल्या नागपूरजवळच्या रामटेकच्या तर नावातच ‘टेक’ आहे. राक्षसांचा नाश करण्याची प्रतिज्ञा प्रभू रामचंद्रांनी तेथे केली, अशी परंपरा सांगते.

पण हे झाले राजे आणि वीर. ज्यांच्यापाशी ना राज्य ना शस्त्र, अशा साध्या माणसांच्या शब्दाची कथा नागपुरातील जरीपटक्यात ऐकावयास मिळते. नाव मराठ्यांच्या निशाणाचे. वस्ती मात्र बव्हंशी 1947 च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या बांधवांची.

कथा अशी. ठठ्ठ्याच्या मिरखशहाने प्रजेला धर्म बदलण्याचा हुकूम केला. (या मिरखशहाची ओळख इतिहासकारांना पटलेली नाही.) लोक सिंधू नदीच्या काठी जमले. उपास केले, केस कापले नाहीत आणि चाळीस दिवस वरुणदेवाची करुणा भाकली. अखेर नदीतून वाणी झाली की, नसरपूरला देवकी व रतनराय यांच्या पोटी मी जन्म घेईन. तेच उडेरोलाल, म्हणजेच झुलेलाल. पुढे मिरखशहा मारला गेला नाही, तो शरण आला, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. सिंधमधील उडेरोलाल येथील स्थानी हिंदू व मुसलमान दोघेही माथा टेकतात.

फाळणीत घरे गेली, शेती गेली, ज्या नदीला साकडे घातले ती नदीही मागे राहिली. व्रत मात्र बरोबर आले. 16 जुलै ते 24 ऑगस्ट हा ‘चालिहो’ आजही पाळला जातो. व्रती सात्त्विक आहार घेतात, जमिनीवर निजतात, केस कापीत नाहीत. प्रार्थनेच्या शेवटी पदर वा उपरणे पसरून ‘पल्लव’ घालतात. पदर पसरणे आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगावयास नको!

समाप्तीला कणकेच्या दिव्याची ज्योत ठेवलेले ‘बहराणा’चे ताट वाजतगाजत पाण्याकडे नेतात. नदी नसेल तेथे तलाव, तलाव नसेल तेथे विहीर. तांदूळ व साखर त्या पाण्यात सोडतात, आणि ते पाणी त्यांना सिंधूचेच असते.