भुंग्यांचें गणित

नागपूरच्या गांधीबागेंत कापड घेणाऱ्या गृहिणीस अपूर्णांकाचें भय वाटत नाहीं. पाव-अर्ध्याचा हिशेब ती समोरच्या मालावर करते. तोच अपूर्णांक पाटीवर एकटा उतरला, कीं मुलें बिचकतात.

भास्कराचार्यांनीं यावर गोष्टीचा उपाय योजिला होता. इ. स. ११५० मध्यें, वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचिला. ‘लीलावती’ हा त्यांतील अंकगणिताचा भाग. त्यांत भुंग्यांचें एक उदाहरण आहे. समूहाचा पंचमांश कदंबावर गेला, तृतीयांश शिलींध्र पुष्पावर. या दोहोंच्या वजाबाकीच्या तिप्पट कुड्यावर. एक भुंगा मात्र हवेंतच घुटमळत राहिला. तर एकंदर भुंगे किती?

उत्तर १५. चौदा पंधरांश फुलांवर बसले. उरलेला पंधरावा हिस्सा म्हणजेच तो एकटा भुंगा! त्याच्यावांचून उदाहरण सुटतच नाहीं. गोष्ट येथें गणिताचा अलंकार नसून गणितच आहे.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवानजीक पाटण येथें या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला. शके ११२८ मधील दानाचा शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढें पंतोजींच्या शाळांत पावकी-निमकी घोकून घेत. त्यानें तोंडी हिशेब पक्का होई. तें पाठांतर हवेंच. परंतु ज्या मुलास घुटमळणारा भुंगा दिसला, त्यासच अपूर्णांक समजला.