कुमारागार व बालकांची खेळणी

शिशुसंगोपनाचा वयपरत्वे विचार अर्वाचीन शिशुगृहांनीच प्रथम केला, हा समज साधार नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, कुमारागाराचे वर्णन आहे. ते संपन्न घरचे, हे खरे. तथापि नियम सर्वत्र लागू पडणारे आहेत. खेळणी चित्रविचित्र, नाद करणारी व हलकी असावीत; टोकदार वा तोंडात शिरणारी नसावीत; रडणाऱ्या बालकास राक्षसपिशाचांची नावे घेऊन भिववू नये. काश्यपसंहितेत तर वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या बालकासाठी तीन चाकांचा रथ सांगितला आहे. हा ग्रंथ नेपाळातील खंडित ताडपत्रांवरून १९३८ साली मुंबईस छापला गेला. सबब संग्राहकांनी वैद्यकाची त्रुटित पाने निरुपयोगी समजून टाकू नयेत, इतकीच विनंती.