रक्ताची साक्ष

मनुष्याचा वंश त्याच्या रक्तांतच असतो, ही समजूत फार जुनी आहे. शास्त्रानें हें रक्त प्रत्यक्ष तपासलें, तेव्हां त्यानें कोणती साक्ष दिली, तें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे.

लुडविक हिर्शफेल्ड व त्यांची पत्नी हान्ना हें पोलिश डॉक्टर दांपत्य पहिल्या महायुद्धांत सॅलोनिका येथें होतें. रक्ताचे गट वारशानें येतात, हें हिर्शफेल्ड यांनीं फॉन डुंगर्न यांच्यासह १९१० मध्येंच दाखविलें होतें. सॅलोनिकास नाना देशांच्या फौजा जमल्या होत्या. ही संधि साधून उभयतांनीं सोळा समाजांतील आठ हजारांवर लोकांचें रक्त तपासलें, आणि १९१९ मध्यें 'लॅन्सेट' या पत्रांत त्याचें कोष्टक प्रसिद्ध केलें. इंग्रजांत 'ए' गटाचे शेंकडा ४३ व 'बी'चे ७. हिंदी सैनिकांत मात्र 'ए'चे १९ व 'बी'चे ४१! यावरून 'बी' गटाचें मूळस्थान हिंदुस्थान असावें, असा तर्क त्यांनीं केला. तो पुढें टिकला नाहीं.

परंतु त्याच कोष्टकांत याहून मोठी गोष्ट होती. ए, बी, एबी व ओ हे चारहि गट सर्व समाजांत सांपडले. भेद होता तो केवळ प्रमाणाचा. एकट्या थेंबावरून तो कोठल्या देशच्या माणसाचा, हें सांगतां येत नव्हतें.

ही साक्ष ज्यांस नको होती, त्यांनीं ती ऐकली नाहीं. जर्मनींत १९२६ मध्यें ओट्टो रेख प्रभृतींनीं रक्तगटांतून वंश शोधण्यासाठीं एक मंडळच काढलें. पण १९३५ मध्यें 'जर्मन रक्ताच्या रक्षणाचा' कायदा झाला, तेव्हां ज्यू कोण हें ठरविण्यास रक्त उपयोगीं पडलें नाहीं. आजीआजोबांच्या धर्माच्या नोंदी काढाव्या लागल्या! स्वतः हिर्शफेल्ड ख्रिस्ती झाले होते; तरी ज्यू कुळांत जन्मले म्हणून १९४१ मध्यें त्यांना वॉर्सा येथील भिंतबंद ज्यू वस्तींत कोंडण्यांत आलें. तेथेंहि ते वैद्यकाचे पाठ देत राहिले.

१९७२ मध्यें रिचर्ड लेवोंटिन यांनीं रक्तगट व रक्तांतील प्रथिनें यांवरून हिशेब मांडला. मानवांतील अशा एकंदर भेदांपैकीं शेंकडा सुमारें ८५ भेद एकाच समाजांतील माणसामाणसांत आढळले. आमच्याकडे सोयरीक जुळवितांना 'शुद्ध रक्ता'ची भाषा अजून ऐकूं येते. ती बोलणारांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, रुग्णशय्येवर सख्ख्या भावाचें रक्त न जुळतां परजातीच्या माणसाचें जुळूं शकतें.