बोलपटातले न बोलणे

मूकपट आणि बोलपट हे आपल्या भाषेतले दोन शब्द मला फार आवडतात. पण चित्रपट बोलू लागला म्हणजे त्यातली माणसेही लगेच एकमेकांशी बोलू लागली, असे मात्र झाले नाही. ती विद्या शिकायला त्याला आणखी काही वर्षे लागली.

दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये, म्हणजे १९१३ साली, पात्रांचे म्हणणे पडद्यावर पाट्यांच्या रूपाने उमटत असे. प्रेक्षकाने ते वाचावे आणि पुढचे पाहावे. १९३२ साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला आणि तोच हरिश्चंद्र मराठीत बोलू लागला. गोविंदराव टेंबे राजा, दुर्गा खोटे तारामती. परंतु बोलण्याला आणि गाण्याला वळण होते ते संगीत रंगभूमीचे. राजाराणीला ते शोभलेही. आपल्या माजघरात मात्र असे कोणी बोलत नाही.

माजघरातली बोली पडद्यावर आणली ती १९३६ च्या 'संत तुकाराम'ने. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा जितका शांत, तितकी गौरीची आवली तोंडाळ. मूल आजारी पडते तेव्हा ती हातात चप्पल घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते. नवऱ्याशी बोलावे तसेच देवाशी बोलणारी ही बाई प्रेक्षकांना परकी वाटली नाही. भांडण हेही जिव्हाळ्याचेच बोलणे असते, हे तिने दाखवून दिले.

पुढच्याच वर्षी, १९३७ साली, शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. फसवणुकीने एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायचे नाकारते. जरठ-कुमारी विवाहाचा विषय मराठी माणसाला नवा नव्हता. देवलांच्या 'शारदे'ने तो १८९९ सालीच गाजवला होता. पण शारदेचे लग्न मोडते, तिची सुटका होते आणि पडदा पडतो. नीरेचे लग्न लागून चुकले आहे. एका छपराखाली राहणाऱ्या या दोघांनी आता एकमेकांशी बोलायचे काय, इथूनच तिची गोष्ट सुरू होते.

शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत ठेवले नाही. कानी पडतात ते घरातलेच आवाज. संगीताचा आडोसा गेल्यामुळे दोघांमधली शांतता अंगावर येते. शांता आपट्यांची नीरा ठाम शब्दांत नकार देते, आणि केशवराव दात्यांच्या काकासाहेबांचा चेहरा हळूहळू ते ऐकायला शिकतो. मला तर वाटते, आपल्या पडद्यावर 'ऐकणे' प्रथम दिसले ते इथे. अखेरीस काकासाहेब तिला मुलगी मानतात, पुन्हा लग्न करण्याची मोकळीक देणारे पत्र लिहून ठेवतात आणि आपला शेवट करून घेतात.

जन्मभर कोर्टात बोलण्यावर जगलेल्या माणसाला घरातली ही एक गोष्ट तोंडाने सांगता येऊ नये, हे मला अनेक वर्षे खटकत आले आहे. पण त्या काळचा कायदा पाहिला की उलगडा होतो. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले; नवरदेवाच्या म्हातारपणाला त्यात अटकाव नव्हता. हिंदू स्त्रीला घटस्फोटाची वाट मुंबई प्रांतात कायद्याने मोकळी झाली ती १९४७ साली आणि देशभर १९५५ साली. म्हणजे १९३७ च्या पांढरपेशा घरातल्या नीरेने 'नाही' म्हटले, तरी त्या 'नाही'ला उंबऱ्याबाहेर किंमत नव्हती. दोघांनी समोरासमोर बसून, समजुतीने, 'हे लग्न चुकले' असे म्हटले असते, तरी ते मोडले नसते. म्हणून कथेला मरणाचाच दरवाजा उरला. तिची सुटकाही अखेर नवऱ्याच्या परवानगीनेच झाली.

तरीसुद्धा 'कुंकू'चे श्रेय मी कमी मानत नाही. घरच्या बाईचा नकार हा थट्टेचा वा शिक्षेचा विषय नसून ऐकून घेण्याचा विषय आहे, हे त्याने कायद्याच्या दहा वर्षे आधी भरल्या थिएटरात सांगितले. पुढे आलेल्या कायद्याने नीरेच्या शब्दाला बळ दिले. तो ऐकून घेणारे कान मात्र अजूनही घरोघर ज्याचे त्यालाच तयार करावे लागतात.