आयरॅड म्हणजे काय? अपघाताची नोंद गावासाठी का महत्त्वाची?

एकाच वळणावर पुन्हा पुन्हा अपघात होतात. गावकरी गतिरोधकाची मागणी करतात, निवेदनं देतात. पण रस्ता आधी कुठं सुधारायचा, हे ठरतं ते अपघाताच्या नोंदीवरून. ही नोंद मोबाईलवर घेणारी यंत्रणा म्हणजे 'आयरॅड'.

कोणी तयार केली?
चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील संशोधकांनी ही यंत्रणा विकसित केली. ती राबवण्याचं काम एनआयसीकडे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या या प्रकल्पाला जागतिक बँकेचं अर्थसाहाय्य मिळालं. सुरुवात ज्या सहा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्रही होता.

काम कसं चालतं?
• पोलीस घटनास्थळी ॲपमध्ये माहिती, फोटो भरतात. जीपीएसमुळे नेमकी जागा नोंदली जाते.
• प्रत्येक अपघाताला स्वतंत्र क्रमांक मिळतो.
• बांधकाम विभागाचे अभियंते रस्ता तपासतात, आरटीओ वाहन तपासतं, दवाखाना जखमींची माहिती भरतो.
• जमलेल्या माहितीवरून वळण, उतार, फलक यांत काय बदल हवा, हे तज्ज्ञ सुचवतात.

ब्लॅक स्पॉट कधी ठरतो?
राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० जणांचा जीव गेला, तर ती जागा ब्लॅक स्पॉट धरली जाते.

इथंच खरी गोम आहे. हातपाय मोडलेला अपघातही अनेकदा जागेवरच 'आपसात मिटवून' घेतला जातो. मग तो मोजलाच जात नाही. वळण धोक्याचं असूनही कागदोपत्री सुरक्षित राहतं. शिवाय नोंद नसेल तर विम्याचा दावाही अडतो. धडक देऊन वाहन पळालं असेल, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपयांची सरकारी भरपाई आहे. तिच्यासाठीही पोलीस नोंद लागतेच.

हे लक्षात ठेवा
• पोलीस : ११२
• रुग्णवाहिका : १०८
• राष्ट्रीय महामार्ग मदत : १०३३
• जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.