शक्तीची वाढ खुंटते तेव्हा

दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर क्रोटोन नावाची ग्रीकांची एक वसाहत होती. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात तेथे मायलो नावाचा मल्ल होऊन गेला. ऑलिंपिक मेळाव्यात कुस्तीचे विजेतेपद त्याने सहा वेळा मिळविले. त्याच्याविषयीची एक आख्यायिका जगभरच्या तालमींत आजही सांगितली जाते. मायलोने म्हणे एक कोवळे वासरू खांद्यावर घेऊन रोज चालण्याचा नेम धरला. वासरू दिवसागणिक वाढत गेले, तसे मायलोचे बळही वाढले आणि अखेरीस एक पुरा वाढलेला बैल तो सहज खांद्यावर पेलू लागला.

कथा सुंदर आहे व तिच्यात सत्याचा अंशही मोठा आहे. भार हळूहळू वाढवावा म्हणजे शरीर त्याला सरावते, हे व्यायामशास्त्राचे मूळ सूत्र तिच्यात आले आहे. परंतु एक गोष्ट ती सांगत नाही. कोणताही बैल ठराविक वयानंतर वाढत नाही. आणि कोणत्याही माणसाचे बळ वासराच्या वाढीच्या गतीने आयुष्यभर चढत राहत नाही. आठवड्यास एक किलोग्रॅम या साध्या हिशेबाने भार वाढवीत गेल्यास दहा वर्षांत पाचशे वीस किलोग्रॅमची भर पडावयास हवी. तशी ती कोणाचीच पडलेली नाही. एक दिवस असा उगवतो की कालचाच भार आज जागचा हलत नाही. आठवडे जातात, महिने जातात, आणि आकडा तेथेच राहतो. चढण संपून पठार लागावे तशी ही अवस्था असते. हे पठार माणसाने कसे ओलांडले, याचा इतिहास मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे.

हा इतिहास पाहण्यास 'बेंच प्रेस' या व्यायामाइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. बाकावर उताणे पडावयाचे, लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून छातीपर्यंत उतरवावयाचा आणि पुन्हा हात सरळ होईपर्यंत वर ढकलावयाचा, एवढीच त्याची कृती. छाती, खांदे आणि दंडाच्या मागील बाजूचे स्नायू यांची त्यात कसोटी लागते. यश किंवा अपयश पौंडांत मोजता येते. त्यात पंचाच्या आवडीनिवडीला फारसा वाव राहत नाही.

प्रारंभी बाकही नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिक प्रदेशातील डोर्पाट येथे जन्मलेला जॉर्ज हॅकेनश्मिट हा मल्ल जमिनीवर उताणा पडे. सुमारे एकोणीस इंच व्यासाच्या चकत्या लावलेला दांडा चेहऱ्यावरून छातीपर्यंत लोळवीत आणी आणि मग वर ढकली. अशा रीतीने त्याने ३६१ पौंड, म्हणजे सुमारे १६४ किलोग्रॅम वजन पेलले. पुढे अनेक वर्षे हा विक्रम कोणास मोडता आला नाही. १९१६ साली तो अमेरिकेच्या जो नॉर्डक्विस्टने मोडला, पण किती फरकाने? अवघ्या दोन पौंडांच्या! या नॉर्डक्विस्टचा एक पाय कृत्रिम होता, हेही येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एका व्यक्तीचीच नव्हे, तर साऱ्या जगाची प्रगती जणू एका पठारावर येऊन थांबली होती.

त्या पठारावरून पुढे जाण्याची पहिली वाट साधनाच्या सुधारणेतून निघाली. जमिनीवर पडलेल्या माणसाचे कोपर जमिनीस टेकतात आणि हालचाल अर्धवट राहते. कोणी दांडा पोटावरून उडवून वर फेकीत, तर कोणी पाठीची कमान करीत. १९३० नंतरच्या दोन दशकांत पेट्या, फळ्या आणि मग पक्के बाक आले. पुढे दांडा ठेवण्यासाठी बाकास उभे खांबही आले. कोपरांस मोकळी जागा मिळाली, छातीच्या स्नायूंना पूर्ण काम मिळाले आणि आकडे पुन्हा चढू लागले.

या चढणीवरील सर्वांत लक्षणीय पुरुष म्हणजे कॅनडाचा डग्लस हेपबर्न. १९२६ साली व्हँकूव्हर येथे त्याचा जन्म झाला तोच वाकड्या पावलाने. दृष्टीतही तिरळेपणाचा दोष होता. पावलावर शस्त्रक्रिया झाल्या, परंतु त्यांनी गुण येण्याऐवजी उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा रोडावला. शाळकरी वयात सोबत्यांची चेष्टा त्याच्या वाट्यास आली. ज्या मुलास धावण्याच्या शर्यतीत कोणी घेतले नसते, त्याने लोखंडी दांड्याशी मैत्री केली.

त्या काळच्या भारोत्तोलनाच्या स्पर्धेत तीन प्रकार असत. त्यांपैकी दोन प्रकारांत पाय चपळाईने फाकवून भाराखाली शिरावे लागे आणि ते हेपबर्नच्या दुबळ्या पायास साधत नसे. जे साधत नाही त्याची भरपाई त्याने खांदे व हात यांच्या बळाने केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली नाही. त्याच हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, लोकवर्गणीच्या पैशांवर प्रवास करून, कुस्तीत भारतास कांस्यपदक मिळवून दिले, हे मराठी वाचकांस सांगावयास नकोच. हेपबर्नची वेळ एका वर्षाने आली. १९५३ साली स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेत त्याने अमेरिकेच्या जॉन डेव्हिसला मागे टाकले. १९३८ पासून जागतिक विजेतेपद मिळवीत आलेला आणि दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेला हा वीर होता. पुढच्याच वर्षी हेपबर्नने आपल्या गावी, व्हँकूव्हरला भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेतही सुवर्णपदक मिळविले.

बेंच प्रेसमध्ये त्याचा क्रम असा आहे: १९५० साली ४०० पौंड, १९५१ साली ४५० पौंड आणि १९५३ साली ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलोग्रॅम. हे तिन्ही टप्पे प्रथम गाठण्याचा मान त्याच्याकडेच जातो.

हे त्याने कसे साधले? पुढील आयुष्यात त्याने आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. ती इतकी साधी आहे की प्रथमदर्शनी कोणाचा तीवर विश्वास बसू नये. कमाल शक्तीहून बराच हलका असा भार घ्यावा आणि तो दोनदा ढकलावा. काही मिनिटे स्वस्थ बसावे आणि पुन्हा दोनदा ढकलावा. असे आठ वेळा करावे. दुसऱ्या खेपेस आठांपैकी केवळ एका फेरीत दोनाऐवजी तीनदा ढकलावे. त्याच्या पुढील खेपेस दोन फेऱ्यांत तीनदा. अशा रीतीने आठ दिवसांच्या व्यायामानंतर आठही फेऱ्या तिनाच्या होतात. तेव्हा कोठे भारात पाच किंवा दहा पौंडांची भर घालावी आणि पुन्हा दोनांवर यावे.

यातील हिशेब पाहावा. भार ३०० पौंडांचा धरल्यास पहिल्या दिवशी सोळा वेळा ढकलून एकूण ४,८०० पौंडांचे काम होते. शेवटच्या दिवशी चोवीस वेळा ढकलून ७,२०० पौंडांचे होते. एकूण काम दीडपट झाले, परंतु दांडा एकदाही जड झाला नाही आणि एकाही दिवशी हार पत्करावी लागली नाही. मग ३१० पौंडांवर सोळा वेळा यावयाचे म्हणजे ४,९६० पौंड. शरीरास ते काम जवळजवळ विश्रांतीसारखे वाटते. अडलेला माणूस सहसा याच्या उलट करतो. जो भार काल हलला नाही, त्यावरच तो आज पुन्हा आणि उद्या पुन्हा धडक देतो. खांदा दुखावतो, मन खचते आणि प्रत्येक अपयशाबरोबर अपयशाचीच सवय जडते. एकट्याने असा प्रयत्न केल्यास छातीवर अडकलेला दांडा प्राणावरही बेतू शकतो. म्हणून डोक्याशी जाणता सोबती उभा असल्यावाचून जड दांड्यास हात घालू नये, हा या व्यायामाचा पहिला नियम मानला जातो.

हेपबर्न व्हँकूव्हरला घडत होता, त्याच सुमारास तेच तत्त्व एका सैनिकी रुग्णालयातही आकारास येत होते. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांनी अमेरिकेतील रुग्णालये भरून गेली होती. हाडे सांधली तरी महिनोन्महिने अंथरुणावर पडल्याने स्नायू झिजत आणि बरे होण्यास विलंब लागे. शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. बालपणी संधिज्वराने तो स्वतः दीर्घकाळ अंथरुणास खिळला होता आणि वजने उचलूनच त्याने आपली प्रकृती कमावली होती. अशक्त स्नायूंना हलका व्यायाम पुष्कळ वेळा द्यावा, ही तेव्हाची रूढ समजूत त्याने बाजूस सारली आणि रुग्णांना जड भार मोजक्या वेळा उचलावयास लावला. १९४५ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णास जो भार बरोबर दहा वेळा उचलता येतो, तो त्याचे माप. १९४८ पर्यंत त्याने पद्धत आणखी सोपी केली: पहिल्या फेरीस त्या मापाच्या निम्मा भार, दुसरीस पाऊण आणि तिसरीस पुरता. आठवड्याने माप पुन्हा घ्यावयाचे आणि वाढले असेल तेवढेच वाढवावयाचे. मायलोच्या वासरास येथे तराजू मिळाला.

वाढ मुळात खुंटते का, याचे उत्तर शास्त्राने क्रमाक्रमाने दिले. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतील प्रगती बहुतांशी स्नायूंची नसून मज्जातंतूंची असते. असलेले स्नायू अधिक संख्येने आणि एकजुटीने कामास लावण्यास मेंदू शिकतो. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी हे स्पष्ट केले. ही शिकवण पुरी झाली की पुढची वाढ स्नायू प्रत्यक्ष जाड होण्यावर अवलंबून राहते आणि ते काम मंदगतीचे असते. त्याआधी, १९३६ साली, मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये या संशोधकाने असे दाखविले होते की शरीरावर ताण आला की प्रथम धोक्याची जाणीव, मग प्रतिकार आणि ताण अखंड राहिल्यास अखेर थकवा, अशा तीन पायऱ्या येतात. व्यायाम हाही एक ताणच. बळ व्यायामाच्या वेळी वाढत नाही. ते नंतरच्या झोपेत आणि अन्नात वाढते. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत रशियाच्या मॅटव्हेयेव्हने याच विचारावर वर्षभराच्या सरावाची आखणी मांडली. काही आठवडे काम पुष्कळ व भार मध्यम, काही आठवडे काम थोडे व भार जड आणि मधूनमधून मुद्दाम घेतलेली हलकी विश्रांती, असा तिचा क्रम असे.

महाराष्ट्राबाहेर ज्या नगरांत मराठी माणसाने व्यायामाची परंपरा जोपासली, त्यांत बडोद्याचे स्थान मोठे आहे. प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा तेथलाच आणि मुजुमदारांनी संपादिलेला 'व्यायाम ज्ञानकोश'ही तेथलाच. तालमीत जोर काढले जातात तेव्हा काम करणारे स्नायू बहुतेक बेंच प्रेसचेच असतात. परंतु जोरांत भार स्वतःच्या देहाचा, म्हणून ठराविक. वाढते ती संख्या. संख्येने दम आणि चिवटपणा वाढतो. जड भार एकदा पेलण्याचे बळ त्यातून एका मर्यादेपर्यंतच येते. पाचशे जोर सहज काढणाराही दांड्याखाली अडतो, याचे नवल वाटावयास नको. तालमीतही केवळ जोर नसत. जड मुद्गल, करेल आणि दगडी नाल यांची योजना होती, ती याच गरजेपोटी. आणि खुराक व विश्रांती यांस वस्ताद मेहनतीइतकेच मानीत, हेही खरे.

हेपबर्नचे ५०० पौंड ओलांडून ६०० पर्यंत पोहोचावयास जगास १९६७ साल उजाडावे लागले. अमेरिकेच्या पॅट केसीने तो टप्पा गाठला. दांडा जेथे अडतो ती जागा बहुधा छातीपासून थोड्याच अंतरावर असते. तेथून वरचा टप्पा केसी निराळा काढून, दांडा आडव्या टेकूंवर ठेवून, जड भाराने घोटीत असे. संपूर्ण वाट बंद झाली असता तिचा एक तुकडा वेगळा करून त्यावर मेहनत करावी, ही त्यातील युक्ती. पुढे ताठ कापडाचे खास अंगरखे निघाले आणि विक्रमांची तुलना अवघड झाली. असा अंगरखा न घालता ज्यूलियस मॅडॉक्स याने २०२१ साली ३५५ किलोग्रॅम, म्हणजे ७८२ पौंडांवर भार ढकलला. हॅकेनश्मिटच्या दुपटीहून तो अधिक भरतो, परंतु त्यास सव्वाशे वर्षांच्या आसपास काळ लागला आहे.

हेपबर्नच्या आयुष्यातही एक पठार आले आणि ते लोखंडाचे नव्हते. जागतिक कीर्तीने पोट भरेना, म्हणून तो व्यावसायिक कुस्तीत उतरला. तेथे त्याचे मन रमले नाही. पुढे तो मद्याच्या आहारी गेला आणि काही वर्षे अगदी खचून गेला. त्यातूनही तो उठला. मद्य सोडले, पुन्हा व्यायाम धरला, व्यायामाची साधने स्वतः बनवून विकली आणि उतारवयातही तरुणांस लाजवील असे बळ राखले. २००० साली त्याचे निधन झाले.

पाचशे पौंड आज शहरोशहरीच्या मोठ्या व्यायामशाळांतही विरळाच दिसतात. परंतु त्या आकड्याकडे नेणारी पद्धत कोणाही सामान्य माणसास वापरता येईल अशी आहे. थोडे मागे यावे, भार झेपेल इतका घ्यावा, आज एका फेरीत एकच खेप अधिक करावी आणि पुरते झोपावे. आठ दिवसांच्या व्यायामानंतर पाच पौंड वाढतात. वाकड्या पायाचा एक मुलगा याच चालीने जगाच्या पुढे गेला.