यंत्र, मालक आणि मिस्त्री

मोटारीच्या इंजिनाला टर्बो जोडावयाचा, तर तो आपल्या हाताने जोडावा की गॅरेजवाल्याला पैसे मोजून जोडून घ्यावा, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असे काही श्रोत्यांच्या मनात येईल. तरुण मंडळी या प्रश्नावर तावातावाने बोलतात आणि वडीलधारी माणसे 'पैशाची नासाडी' म्हणून उठून जातात. आमच्या मते दोघेही प्रश्नाला थोडा अन्याय करतात. प्रश्न टर्बोचा असला तरी त्याची मुळे फार जुनी आहेत. यंत्र ज्याचे तो एक आणि यंत्र ज्याला कळते तो दुसरा, अशी फारकत ज्या दिवशी झाली, त्या दिवशीच हा प्रश्न जन्माला आला. त्याची कुळकथा आपल्या गावापासून आरंभून सांगण्याचा आमचा विचार आहे.

घनसावंगी पूर्वी अंबड तालुक्यात होती आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. राज्य कोणाचेही असो, गावगाडा मात्र मराठी मुलखात सगळीकडे साधारण एकाच रीतीने चाले. नांगर, कुळव, मोट आणि बैलगाडी हीच शेतकऱ्याची यंत्रे. त्यांतले लाकूडकाम सुताराचे आणि लोखंडकाम लोहाराचे. बाराबलुतेदारांच्या उतरंडीत या दोघांना थोरल्या ओळीत जागा होती, ती उगीच नव्हे. फाळ बोथट झाला की पेरणी खोळंबे आणि चाक निखळले की माल बाजाराला पोचत नसे.

गाडीच्या चाकाला धाव कशी बसवीत, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना आमचे म्हणणे चटकन पटेल. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करावयाची, गोवऱ्यांच्या आरात लाल तापवावयाची, तापून ती फुगली की चिमट्यांनी उचलून चाकावर चढवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. थंड होताना ती आवळते आणि चाक जन्मभराचे बांधले जाते. धाव किती लहान करावयाची, यात सारी कला आहे. थोडी सैल राहिली तर ती चार दिवसांत निघून पडेल, फार आखूड झाली तर आऱ्याच मोडतील. हे माप लोहाराच्या हातात असे. पण मालकही घरी बसून राहत नसे. गोवऱ्या तो आणी, चाक तो धरी आणि पाणी ओतायला त्याचीच घागर असे. म्हणजे त्या काळी 'स्वतः करणे' आणि 'करवून घेणे' या दोन टोकांच्या गोष्टी नव्हत्या. माप जाणत्याचे आणि हात दोघांचे, अशी ती वाटणी होती.

मोबदल्याची रीत तर याहून विचार करण्यासारखी आहे. नेहमीच्या दुरुस्तीबद्दल लोहाराला रोख पैसे मिळत नसत. खळ्यावर धान्याची रास पडली की त्याचे बलुते त्याला मिळे. धाव वर्षात दोनदा निघाली तर दुसऱ्यांदा बसवण्याचे वेगळे काही मिळत नसे. साहजिकच काम पहिल्याच खेपेला पक्के करण्यात त्याचा स्वतःचा स्वार्थ होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. बलुतेदार जातीने बांधलेला होता, त्याला धंदा बदलण्याची मोकळीक नव्हती आणि पीक बुडाले की त्याच्या ताटातलेही बुडे. ती रीत मोडली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर एक चांगली गोष्टही गेली. काम करणारा कामाच्या परिणामाशी वर्षभर बांधलेला असे, तो दुवा तुटला.

यानंतरचा अध्याय किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला यंत्रविषयक चित्रकला शिकवीत होते. १८८८ साली त्यांनी आपले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल ही त्या काळी अपूर्व वस्तू होती. ती विकावयाची, चालवायला शिकवावयाची आणि मोडली तर दुरुस्त करावयाची, असा तिहेरी उद्योग होता. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि आरंभी नांगराला गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या कथेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, कारखान्यातून निघालेल्या नांगराचा फाळ झिजला तर तो काढून दुसरा बसवता येई. सगळे फाळ एकाच मापाचे असत. लोहाराच्या डोळ्यांत जे माप होते, ते आता साच्यात गेले. जे काम पूर्वी भट्टीशिवाय होत नव्हते, ते शेतकरी बांधावर बसून एका पान्याने करू लागला. मालकाच्या हाताला बळ आले ते त्याची छाती रुंदावली म्हणून नव्हे. माप दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवले होते म्हणून! याच कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली. गिऱ्हाइकांना मालाची माहिती देणारे ते पत्रक पुढे मराठीतले नामांकित मासिक झाले. वस्तू विकली की संबंध संपला, असे त्या लोकांनी मानले नाही, हे त्यावरून दिसते.

मग मोटेची जागा ऑइल इंजिनाने घेतली. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली आणि त्या नंतरच्या काळात विहिरीविहिरीवर इंजिनांचा ठोका ऐकू येऊ लागला. शेतकरी हँडल मारायला शिकला, ऑइल बदलायला, फिल्टर धुवायला, पट्टा ताणायला शिकला. डिझेलचा पंप आणि नॉझल मात्र तो खोलून बघत नसे. ते पिशवीत घालून जालन्याच्या बाजारात नेई. कोणी कायदा केला नव्हता, कोणी शिकवणी घेतली नव्हती. अनुभवाने एक सीमारेषा आखली गेली. जे डोळ्यांना दिसते आणि चुकले तर पुन्हा करता येते, ते घरी करावे. जे मोजण्यासाठी वेगळे यंत्र लागते, ते त्या यंत्रापाशी न्यावे.

आता टर्बोकडे वळू. इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या शक्तीपैकी सुमारे एक तृतीयांश हिस्सा सायलेन्सरवाटे तप्त धुराच्या रूपाने फुकट जातो. त्या धुराच्या झोतात एक चक्र ठेवले, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा कोंबणारे चक्र बसवले, की इंजिनाला नेहमीपेक्षा जास्त हवा मिळते. जास्त हवेत जास्त तेल नीट जळते आणि तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक शक्ती देते. ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. पण व्यवहारात खरे यश दिसायला १९२५ साल उजाडले. 'प्रॉइसेन' आणि 'हान्झेस्टाट डान्झिग' या दोन जर्मन जहाजांसाठी केलेल्या डिझेल इंजिनांची शक्ती त्याच्या योजनेने १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली.

मधली वीस वर्षे कशात गेली? चक्र घडवणे अवघड होतेच, पण चक्र आणि इंजिन यांची सोयरीक जुळवणे त्याहून अवघड होते. झडपा केव्हा उघडाव्यात, हवेचा दाब किती असावा, उष्णता कोठे न्यावी, हे एकमेकांत गुंतलेले प्रश्न होते. एक सोडवला की दुसरा उभा राही. दरम्यान १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेऊन, विरळ हवेत टर्बो काय करू शकतो ते तपासून पाहिले. यंत्र विमानात चढवण्याआधी त्याने ते डोंगरावर चढवले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मोटारगाडीत टर्बो आला तो १९६२ साली, अमेरिकेच्या 'ओल्डस्मोबाइल जेटफायर' आणि 'शेव्हरले कॉर्व्हेअर मोंझा' या गाड्यांत. जेटफायरची कहाणी बोधप्रद आहे. तिच्या इंजिनात दाब आधीच जास्त होता. टर्बोने तो आणखी वाढल्यावर पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारावे लागे. त्याची वेगळी टाकी होती आणि ती मालकाने भरावयाची होती. बहुतेकांना ते ओझे वाटले. टाकी रिकामी झाली की टर्बोचा जोर आपोआप रोखला जाई आणि मालक म्हणे, गाडी ओढत नाही! १९६३ नंतर ही गाडी बंद झाली आणि पुष्कळ गाड्यांवरचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवले गेले. बसवणारे हात येथे जगातल्या एका मोठ्या कारखान्याचे होते. चूक जोडणीत नव्हती. जोडल्यानंतर रोज काय करावे लागेल आणि ते कोण करील, याचा विचार अपुरा पडला.

या इतिहासाच्या उजेडात आजचा प्रश्न पाहू. पेटीतून आलेला टर्बोचा संच पाहिला की तो नट-बोल्टांचा खेळ वाटतो. जुना मॅनिफोल्ड काढा, नवा लावा, गॅस्केट घाला, नळ्या आवळा, झाले. हाताला सवय असलेला माणूस हे करू शकेल, यात शंका नाही. पण त्या चक्राचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या पलीकडे जातो. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आणणारी नळी कचऱ्याने तुंबली, किंवा परतीच्या नळीला पुरेसा उतार मिळाला नाही, की टर्बो पाहता पाहता निकामी होतो. पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या घरात तापतो. त्याच्या शेजारून तेलाची किंवा ब्रेकची नळी गेली तर आग लागू शकते. आणि हवा वाढली, पण इंधन त्या हिशेबाने जुळवले नाही, तर पिस्टन वितळतो. हे शेवटचे काम डोळ्यांनी होत नाही. त्याला दाबाचे, तापमानाचे आणि धुराचे मापक लागते. धाव किती आखूड करावयाची, हाच तो जुना प्रश्न. फक्त आता तो लाल लोखंडात दिसत नाही.

तर मग गॅरेजात द्यावे आणि निर्धास्त व्हावे काय? तेही आम्हांला मान्य नाही. पैसे घेणारा प्रत्येक जण मापकऱ्याचे काम करतोच असे नाही. काही ठिकाणी गिऱ्हाइकाच्या पैशाने तोच नट-बोल्टांचा खेळ होतो. गाडी देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: इंजिनाची आजची प्रकृती तपासणार आहात काय? इंधन कशाने मोजून जुळवणार? महिन्याभराने गाडी परत आणली तर पाहणार काय? तिसऱ्या प्रश्नात खळ्यावरच्या बलुत्याचा दुवा थोडासा परत मिळतो. जो या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

शिवाय कायद्याची बाजू आहे, आणि ती दोन्ही पक्षांना सारखीच लागू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. पाना कोणाच्या हातात होता, हे कायदा विचारीत नाही. गाडी कोणाच्या नावावर आहे, हे विचारतो. म्हणून पहिला फेरा परिवहन कार्यालयाचा, मग गॅरेजचा. परवानगी मिळत नसेल तर सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीपुरता हा वाद तेथेच संपला असे समजावे. ज्यांना टर्बोची शक्ती हवी, त्यांना ती कारखान्यातूनच जोडून आलेल्या गाडीत आज सहज मिळते.

आपल्या तालुक्यात ही गोष्ट केवळ हौसेची नाही. येथे जी जीप सकाळी माणसे नेते तीच दुपारी खताच्या गोण्या आणते, आणि पुष्कळदा तिचे हप्तेही फिटायचे असतात. तिचे इंजिन बसले तर एका घराची चूल मंदावते. रस्त्यात तिने पेट घेतला तर आत बसलेल्यांचा या वादाशी काही संबंध नसताना त्यांचा जीव पणाला लागतो.

म्हणून का तरुणांनी हात बांधून बसावे? मुळीच नाही. बेळगावच्या दुकानात सायकल खोलणारे हात नसते, तर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती. जुने इंजिन आणा, खोला, जोडा, पुन्हा खोला. ऑइल, फिल्टर, पट्टा, नळ्या ही कामे दुसऱ्याला देणे ही लाजच समजा. गॅरेजात काम चालू असता शेजारी उभे राहा आणि विचारा. धाव बसवताना घागर आपलीच असावी. मात्र जेथे माप आपल्यापाशी नाही, तेथे आपला आत्मविश्वास माप म्हणून वापरू नका.

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडताच ते निघून गेले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रयत्नाची थोरवी त्यांच्याकडून शिकलेल्या या मुलखाने तो शब्दही विसरू नये. प्रयत्न करणाऱ्याला सावधपणाची गरज इतरांपेक्षा अधिक असते. कारण काही न करणाऱ्याच्या हातून इंजिन बिघडत नाही आणि काही घडतही नाही.